नेरूळच्या माळीकाकांना आभारपत्र

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

त्या दिवशी तुमचे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे सर्वांसमक्ष लिहीत आहे. उद्यानाचे नाव मात्र मुद्दाम गाळले आहे, कारण जिओकॅशिंग या लपवलेली डबी शोधण्याच्या खेळात डबीची जागा चारचौघांत सांगून टाकली तर शोधण्यासारखे काही उरत नाही.

जूनमध्ये लागोपाठ तीन रविवारी सकाळी मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी मोबाइल हातात धरून एकाच करंजाभोवती घिरट्या घालत होतो. तुम्ही "काही हरवलंय का?" असे विचारलेत आणि मी "किल्ली" असे चक्क खोटे सांगितले. आजूबाजूच्यांच्या नकळत शोधायचा या खेळात रिवाज आहे खरा. पण तुम्ही खुरपे बाजूला ठेवून आमच्याबरोबर नसलेली किल्ली शोधू लागलात, तेव्हा मला ओशाळल्यासारखे झाले, आणि मुलीने तर सगळे सांगूनच टाकले.

तिने घाईघाईत सांगितले ते नीट लिहितो. जिओकॅशिंगमध्ये कोणीतरी लपवलेली डबी अक्षांश-रेखांशांवरून शोधायची, आतल्या कागदावर आपले नाव आणि तारीख लिहायची व डबी जिथे होती तिथेच परत ठेवायची. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली ठेवून तिची जागा आकड्यांत जाहीर केली. तिथून हा खेळ सुरू झाला. ती बादली अर्धवट पुरलेली होती. आता झाडाला इजा करायला आणि जागामालकाच्या परवानगीशिवाय जमीन खणून डबी पुरायला नियमांनी मनाई आहे, हे ऐकल्यावर तुमच्या कपाळावरची आठी गेलेली मी पाहिली.

"मग एवढं करून सापडत का नाही?" हा तुमचा प्रश्न रास्त होता. जागा मिनिटाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, हजाराव्या भागापर्यंत दिलेली असते आणि अक्षांशाचा तो एक भाग म्हणजे जेमतेम १.८५ मीटर, परंतु मोबाइल स्वतः मोकळ्या आकाशाखालीही चारपाच मीटर चुकू शकतो, आणि दाट पानांखाली किंवा उंच इमारतींवर आपटून संकेत येत असतील तर त्याहून अधिक. शेवटची काही पावले डोळ्यांनीच शोधायची असतात, आणि आम्ही नेमके तिथेच पडद्यावरच्या बाणाला चिकटून बसलो होतो.

यावर काही न बोलता तुम्ही अवजारांच्या खोलीतून एक काळी डबी आणलीत. फोटोच्या रिळाची होती. झाकणाच्या खाचेत चिखल सुकलेला, पण आतली कागदाची पट्टी मात्र कोरडी. पाचोळा लोटताना ती झाडूला लागली, कचऱ्यात जायचीच, पण उघडल्यावर नावे आणि तारखा दिसल्या, तेव्हा "कुणाचा तरी हिशेब असेल" म्हणून तुम्ही पट्टी खिडकीत वाळवलीत आणि डबी बियांच्या पुड्यांशेजारी जपून ठेवलीत. शाई फुटली होती, तरी बहुतेक नोंदी लागत होत्या. खेळाशी काडीचाही संबंध नसताना अनोळखी माणसांच्या सह्या सांभाळाव्यात असे तुम्हाला वाटले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मुलीने पट्टीवर नाव लिहिले आणि पेन तुमच्यापुढे केले. "मी कुठं शोधली? मला तर ती सापडली," असे म्हणून तुम्ही ते परत केलेत. तिला हे मुळीच पटलेले नाही.

डबी आम्ही मूळ जागी ठेवली, कारण दुसऱ्याने लपवलेली डबी परस्पर हलवायची नसते. मात्र पावसाचे पाणी नेमके तिथेच साचते, ही तुमची सूचना मी ती ठेवणाऱ्याला कळवली. त्याचे उत्तर आले आहे: पाणी न शिरणारी नवी डबी तो आणणार आहे, आणि मुळांना धक्का न लागता ती कुठे बसेल, हे तुम्हालाच विचारून ठरवायचे आहे. येत्या रविवारी सकाळी सातच्या सुमारास आम्ही तिघे तुमच्याकडे येऊ.

आपला नम्र,
किल्ली न हरवलेला एक नेरूळकर