रोज तेच आकाश का पाहते

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तेच ते आकाश रोज पाहून नवं काय सापडतं गं?" तेव्हा घाईत होते. आता निवांत लिहिते.

मोठ्या आकाशगंगांच्या मध्यभागी प्रचंड वजनाचं कृष्णविवर असतं. त्यात ओढला जाणारा वायू गरगरत तापतो आणि इतका उजळतो की त्याच्यापुढे अख्खी आकाशगंगा फिकी पडते. तो क्वेसार. दुर्बिणीतून मात्र साध्या ताऱ्यासारखा ठिपका दिसतो, म्हणून उलगडा व्हायला १९६३ साल उजाडलं. त्या वर्षी मार्टन श्मिट या खगोलशास्त्रज्ञाने ३सी २७३ नावाच्या ठिपक्याचा वर्णपट, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत पसरवून मिळणारा पट्टा, वाचला. हायड्रोजनच्या ओळखीच्याच रेषा, पण सोळा टक्के तांबड्याकडे सरकलेल्या. विश्व प्रसरण पावतंय, म्हणून रेषा जितक्या जास्त सरकलेल्या, तितकी वस्तू लांब. 'तारा' निघाला दोन अब्जांहून जास्त प्रकाशवर्षांवर!

क्वेसारचं आयुष्य लाखो-कोट्यवधी वर्षांचं. तो म्हातारा होताना कोण बघणार? पण लग्नातल्या ग्रुप फोटोत तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत सगळे असतात ना, तसं आम्ही आकाशाचं सर्वेक्षण करतो. जितका लांबचा क्वेसार, तितका जुना प्रकाश. न्यू मेक्सिकोतल्या डोंगरावर अडीच मीटर आरशाची स्लोन सर्वेक्षणाची दुर्बीण आहे. तिच्या २०२० च्या यादीत साडेसात लाख क्वेसार आहेत! त्यावरून कळतं की साधारण दहा अब्ज वर्षांपूर्वी त्यांचा सुकाळ होता, मग ते विरळ होत गेले.

ही मोजणी वर्षानुवर्षं हातांनी झाली आहे. आमच्या विभागात त्या दुर्बिणीची जुनी ॲल्युमिनियमची गोल प्लेट टांगलेली आहे, हात पसरून धरावी लागेल एवढी. आकाशातल्या एकेका ठिपक्याच्या नेमक्या जागी एकेक भोक, अशी हजार भोकं. दिवसा माणसं बसून प्रत्येक भोकात ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी बारीक तार, खोचायची, रात्री त्यातून हजार वर्णपट एकदम मिळायचे. आता ते काम यंत्रमानव करतात. मी त्या भोकांवरून बोट फिरवते तेव्हा त्या माणसांविषयी फार आदर वाटतो.

आणि बाबा, 'तेच ते' पाहण्याचं उत्तर इथे आहे. एका क्वेसारचा वर्णपट २००० साली घेतला होता, २०१० साली पुन्हा घेतला. तेवढ्यात तो सहापट मंदावला होता, हायड्रोजनची एक रुंद रेषा जवळपास पुसली गेली होती. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा सगळे चक्रावले, कारण एवढा बदल व्हायला हजारो वर्षं लागतील असा हिशेब होता. दुसऱ्यांदा पाहिलं नसतं तर कळलंच नसतं. असे रूप पालटणारे क्वेसार जुन्या-नव्या नोंदी शेजारी ठेवून शोधायचे, हेच माझं काम. वायूचा पुरवठा इतक्या झटकन कसा बदलतो, ते मला समजून घ्यायचंय.

२८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, खोडदच्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात प्रदर्शन असतं. आपल्या घरापासून तासाभराचा रस्ता. दादाला गाडी काढायला सांगा. तिथल्या पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तबकड्या क्वेसारांच्या रेडिओ लहरी टिपतात. आई, ऊन फार असतं तिथे, टोपी घेऊन जा. आणि बाबा, मला विचारलेत तसेच प्रश्न तिथल्या मुलांनाही विचारा, ती आनंदाने सांगतील.

तुमची,
मनू