यंत्राला कोणाकोणाची मराठी कळते? मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मी ध्वनिसंकेतांवर काम करतो. माणूस बोलला की हवेत ज्या लहरी उठतात त्यांचे आकडे करायचे आणि त्या आकड्यांवरून काय बोललं गेलं हे संगणकाला ओळखायला शिकवायचं, असं हे काम. सरकारी हेल्पलाइनवर बटणं दाबत बसण्याऐवजी सरळ बोलावं, अर्ज तोंडी सांगून भरून घ्यावा, असे बेत आता सगळीकडे चालू आहेत आणि ते चांगलेच आहेत. माझी मागणी त्याआधीची आहे. शासनाच्या पैशातून जी बोलती मराठी ध्वनिमुद्रित झाली आहे ती संशोधनासाठी खुली करा. आणि बोलण्यावर चालणारी कुठलीही यंत्रणा विकत घेताना ती कोणत्या भागातल्या माणसापुढे किती चुकते, याचा हिशेब आधी मागा.

‘चार चाकं’ हे दोन शब्द घ्या. दोन्ही च लिहायला सारखे, बोलायला वेगळे. ध्वनीचा आलेख काढला की फरक डोळ्यांना दिसतो: ‘चाक’मधल्या दंत्य (जीभ दातांशी नेऊन म्हटलेल्या) च मधल्या हवेच्या घर्षणाच्या आवाजाची ऊर्जा वरच्या कंप्रतांकडे (सेकंदाला होणारी कंपनं; ती हर्ट्‌झमध्ये मोजतात), साधारण ४००० हर्ट्‌झच्या पुढे झुकते; ‘चार’मधला च त्याच्या बराच खाली असतो. साधा दूरध्वनी मात्र ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पलीकडे पोचवतो. म्हणजे हे दोन च वेगळे ओळखण्याची खूण ज्या भागात असते, नेमका तोच भाग वाटेत कापला जातो. स, श यांचंही तेच. आपण माणसं संदर्भावरून सांभाळून घेतो. यंत्राला तो संदर्भ हजारो तासांचं बोलणं ऐकवून द्यावा लागतो, आणि हे बोलणं कोणाचं, यावर पुढचं सगळं ठरतं.

कारण डोळा सगळीकडे डोळा नसतो. वऱ्हाडात तो ‘डोया’ होतो, झाडीपट्टीत ‘डोरा’, आगरी-कोळ्यांत ‘डोला’. पुण्या-मुंबईतल्या वाचलेल्या बातम्यांवर वाढलेल्या यंत्रापुढे ‘माहा डोया दुखते’ असं कोणी म्हणालं, तर यंत्र गप्प बसत नाही. ते जवळपासचा ओळखीचा शब्द ठोकून देतं, तोही पूर्ण आत्मविश्वासाने. आरोग्याच्या हेल्पलाइनवर हे झालं तर काय, ते आपल्याला सांगायला नको.

विकणारे लोक ‘मराठीसाठी अचूकता इतके टक्के’ असा एक आकडा पुढे करतात. हा आकडा राज्याच्या सरासरी पावसासारखा आहे; आंबोलीचा आणि माणचा पाऊस एकत्र करून काढलेला. शिवाय तो निघतो कसा हेही बघायला हवं. चुकलेले, गाळलेले आणि जादा घुसवलेले शब्द मोजून त्यांना एकूण शब्दांनी भागायचं, ही रूढ पद्धत. मराठीत ‘शेतकऱ्यांसाठीसुद्धा’ हा एक शब्द. त्यातला फक्त अनुस्वार गेला तरी एक शब्द चुकला, आणि ‘शेतकऱ्यां’च्या जागी ‘शेजाऱ्यां’ आलं तरी एकच चुकला. म्हणून शब्दांबरोबर अक्षरांच्या पातळीवरही चुका मोजाव्या लागतात, आणि त्या बोलीगणिक वेगळ्या मांडाव्या लागतात. कंपन्या हे आपणहून करणार नाहीत. त्यांना कोणी विचारतच नाही.

या क्षेत्रात काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. शेतमालाचे बाजारभाव फोनवर बोलून विचारता यावेत म्हणून केंद्राच्या एका प्रकल्पात मुंबईच्या आयआयटीने आणि टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) मराठीवर काम केलं. त्यासाठी शेतकऱ्यांचे आवाज मोबाइलवर घेतले गेले. २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानाचा केंद्राचा उपक्रम सुरू झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मराठीसह नऊ भाषांच्या बोलींचा मोठा संग्रह शेती आणि बँक व्यवहार डोळ्यांपुढे ठेवून केला. पण त्यात माणसं समोर दिलेली वाक्यं वाचतात. वाचणारा माणूस अडखळत नाही, ‘म्हंजे’, ‘ते हे आपलं’ म्हणत नाही, मधेच बैलाला हाकत नाही. सहज बोलण्याचा संग्रह करणं जास्त कष्टाचं आहे, आणि तो आपल्या दारात पडून आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं. गावोगाव जाऊन लोकांना बोलतं केलं, कहाण्या सांगायला लावल्या, ते सगळं मुद्रित केलं. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचं काम आहे हे. विकास संस्था आपल्याच विभागाची. पण सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर बसून एकेक नमुना ऐकणं वेगळं. संशोधकाला लागतं ते मूळ, न दाबलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) मुद्रण, सोबत लिहिलेला मजकूर आणि ‘हे यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरायला हरकत नाही’ असं सांगणारा स्वच्छ परवाना. आवाज दाबून एमपी३ करताना कानाला सहसा न जाणवणारे बारकावे फेकून दिले जातात, आणि उच्चारांवर काम करणाऱ्याला कित्येकदा तेच हवे असतात.

दुसरी खाण विधिमंडळात आहे. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचे सदस्य तिथे तासन्‌तास बोलतात आणि प्रतिवेदक ते लिहून काढतात. आवाज आणि मजकूर दोन्ही तयार. छापील कार्यवाहीत भाषा थोडी घासूनपुसून घेतलेली असते, पण मजकुराचा कोणता तुकडा आवाजाच्या कोणत्या क्षणाशी जुळतो हे आता संगणक शोधून देतो, आणि जिथे जुळत नाही तो भाग बाजूला काढतो. फिनलंडने हेच केलं. त्यांच्या संसदेतल्या भाषणांचा ३००० तासांहून मोठा संग्रह संशोधकांना खुला आहे, आणि त्या देशाची लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते. विधिमंडळाचा कारभार आपल्या खात्यात येत नाही हे ठाऊक आहे, पण पीठासीन अधिकाऱ्यांकडे शब्द टाकणारं कोणीतरी हवं ना?

साठवणुकीचा खर्च कोणी सांगितला तर ऐकून घेऊ नका. सेकंदाला आवाजाची १६,००० मोजमापं म्हणजे नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, असा एक तासाचा आवाज सुमारे ११५ एमबी होतो. हजार तास म्हणजे ११५ जीबी. दुकानातल्या साध्या हार्ड डिस्कमध्ये मावतात. खरा खर्च लिहून काढण्याचा. तासभराचं बोलणं नीट उतरवायला कितीतरी तास जातात, आणि ‘डोया’ ऐकून सवयीने ‘डोळा’ लिहिलं की सगळी मेहनत वाया. म्हणून मजकूर दोन ओळींत हवा: वर जसं बोललं तसं, खाली प्रमाण लेखनात. आणि लिहिणारी माणसं त्या त्या मुलखातली हवीत, योग्य मोबदला घेणारी. मराठी किंवा भाषाविज्ञान शिकलेल्या किती मुलामुलींना आज त्यांच्याच तालुक्यात असं काम मिळतं?

एक सावधगिरी मात्र हवी. आवाज ही ओळख असते आणि आता थोड्याशा नमुन्यावरून तो बनवताही येतो. जुन्या सर्वेक्षणांत लोकांनी संमती दिली ती भाषेच्या अभ्यासाला. नव्या वापरासाठी शक्य तिथे पुन्हा विचारावं, त्यांच्या बोलीत विचारावं. नावं आणि घरगुती तपशील काढून टाकावेत. २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आहेच. पण त्याचं निमित्त करून सगळंच कपाटात ठेवायला बाबूंना फार आवडतं, तेवढं होऊ देऊ नका.

सुरुवात एका शासन निर्णयाने करता येईल. राज्याचा कोणताही विभाग बोलण्यावर चालणारी यंत्रणा घेणार असेल, तर निविदेत अट घालावी: निदान वऱ्हाडी, झाडी, अहिराणी, मराठवाडी, मालवणी आणि आगरी बोलणाऱ्यांच्या फोनवरच्या सहज बोलण्यावर चाचणी, तिचे निकाल वेगवेगळे जाहीर, आणि चाचणीचे आवाज विक्रेत्याला आधी न दिलेले. त्या चाचणीचा संच बांधायला आमच्यासारखे बरेच जण तयार आहेत. भेटीची वेळ कळवावी.

आपला,
ध्वनिसंकेतांवर काम करणारा एक संशोधक,
पुणे