जपान कोणी पाहिला, कुठून पाहिला, हेही छापा

संपादक महोदय,

जपानी शिस्त, स्वच्छता, दीर्घायुष्य यांवरचे लेख मराठी वृत्तपत्रांत सतत येतात आणि त्यांत जुन्या परदेशी प्रवाशांची वचने पेरलेली असतात. ती कोणत्या साली आणि देशाच्या कोणत्या कोपऱ्यात लिहिली गेली, हे मात्र क्वचितच कळते. जपानच्या बाबतीत तेच आधी कळायला हवे, कारण अडीचशेहून अधिक वर्षे परदेशी माणसाने तिथे काय पाहायचे हे सरकारी परवाना ठरवत होता.

मार्को पोलोला सोडून देऊ. सोन्याच्या छपराचा राजवाडा त्याने चीनमध्ये कानांनी पाहिला. लुईस फ्रॉइश या पोर्तुगीज जेझुइटाचे (ख्रिस्ती धर्मप्रचारकाचे) तसे नाही. तो १५६३ मध्ये आला, तीसेक वर्षे राहिला, भाषा शिकला आणि १५९७ मध्ये नागासाकीतच वारला. १५८५ साली त्याने युरोप आणि जपान यांतल्या फरकांच्या सहाशेहून अधिक जोड्या लिहून काढल्या: घोड्यावर चढताना आमचा डावा पाय आधी, त्यांचा उजवा, अशा धर्तीच्या. निरीक्षण बारीक आहे, पण साचाच असा की दोन्हीकडे जे सारखे ते आपोआप गळते. शिवाय हे हस्तलिखित १९५५ पर्यंत छापलेच गेले नव्हते. ‘सोळाव्या शतकातला युरोप जपानला असा समजत होता’ म्हणून त्याचे दाखले देतात, तेव्हा हे विसरले जाते की त्या युरोपाने ते वाचलेच नव्हते.

१६४१ नंतर डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा या कृत्रिम बेटावर ठेवले गेले. किनाऱ्याशी जोडणारा पूल एकच, त्यावर पहारा. देशाची माहिती परक्याला देणार नाही अशी शपथ दुभाष्यांना घ्यावी लागे. डच कंपनीचा जर्मन डॉक्टर एंगेलबर्ट केंप्फर १६९० ते १६९२ या काळात तिथे होता. औषधे आणि मद्य देऊन त्याने दुभाष्यांना बोलते केले आणि एका तरुण जपानी मदतनिसाकडून बरीचशी माहिती मिळवली. शोगुनला, म्हणजे देशाच्या लष्करी शासकाला, मुजरा करायला एदोला (म्हणजे आजच्या टोकियोला) जाणाऱ्या ताफ्याबरोबर तो दोनदा गेला. होकायंत्र त्याने गोळा केलेल्या वनस्पतींखाली, पेटीत लपवले होते. म्हणून रस्ता, अंतरे, सराया, दरबार यांबाबत तो भक्कम आहे. खेड्यातल्या घरात त्याला पाऊल टाकता आले नाही, तिथे तो ऐकीव. आणखी एक अडचण. त्याचा ग्रंथ तो वारल्यावर, १७२७ साली, आधी इंग्रजी भाषांतरात निघाला आणि भाषांतरकाराने मजकुरावर बराच हात फिरवला. मूळ हस्तलिखितावरून केलेले इंग्रजी भाषांतर १९९९ चे. स्वस्त पुनर्मुद्रणे बहुतेक जुन्याचीच असतात, तेव्हा उतारा घेण्याआधी भाषांतराचे साल पाहावे.

परदेशीयांसाठी देश उघडल्यावरही परवाना सुटला नाही. १८९९ पर्यंत सामान्य परदेशी माणसाला करारांनी परदेशीयांना खुल्या झालेल्या बंदरांपासून दहा री, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर, एवढ्यातच मोकळे फिरता येई. पुढे जायला पास लागे. पिएर लोती या फ्रेंच नौदल अधिकारी-लेखकाची जपानी ‘बायको’ही १८८५ च्या उन्हाळ्यात, त्याचे जहाज नागासाकीला असताना, काही आठवड्यांच्या करारावर घेतलेली. त्यावरच्या त्याच्या १८८७ च्या पुस्तकातून जपानी स्त्रीचे जे चित्र पसरले, ते एका बंदराचे, एका व्यवहाराचे आहे. उलट इझाबेला बर्ड या ब्रिटिश प्रवासी लेखिकेला १८७८ मध्ये ब्रिटिश वकिलातीमार्फत जवळजवळ निर्बंधमुक्त पास मिळाला. तरुण दुभाष्या इतो याला घेऊन ती उत्तरेला होक्काइदोपर्यंत, ऐनू या तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत गेली. योनेझावाच्या मैदानाला तिने नंदनवन म्हटले, हे सगळे उद्धृत करतात. पिसवा, त्वचारोग आणि दारिद्र्य यांवरची त्याच पुस्तकातली पाने कोणी उद्धृत करत नाही.

लाफ्काडिओ हर्न हा लेखक १८९० मध्ये आला, मात्सुए या आडबाजूच्या गावात शिक्षक झाला, जपानी पत्नी आणि नागरिकत्व घेऊन जपानचाच झाला. त्याच्या भुताखेतांच्या कथांमागे पत्नी सेत्सुने सांगितलेल्या गोष्टी आहेत, कारण जपानी ग्रंथ स्वतः वाचण्याइतकी भाषा त्याला आली नाही. त्याचा जुना, धुकट जपान खोटा नाही. पण रेल्वे १८७२ पासून धावत होती आणि राज्यघटना १८८९ मध्ये आली होती, हे त्यातून उमगत नाही.

सर्वांत जास्त वापरले जाते ते अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्टचे जपानी संस्कृतीवरचे १९४६ चे पुस्तक. अमेरिकेच्या युद्धकालीन सरकारी कामातून ते निघाले. बाई जपानला कधीच गेल्या नव्हत्या. चित्रपट, ग्रंथ आणि अमेरिकेतले जपानी स्थलांतरित हा त्यांचा आधार. त्यातले वयस्कर लोक मायदेश सोडून दशके झालेले, म्हणजे त्यांची आठवण जुन्या जपानची. तरी १९४८ च्या जपानी भाषांतरानंतर खुद्द जपानी वाचकांनी ते डोक्यावर घेतले. त्यामुळे ‘जपानी माणूसच असे सांगतो’ हा दाखलाही तपासून घ्यावा लागतो.

इकिगाईच्या (म्हणजे जगण्याला अर्थ देणाऱ्या गोष्टीच्या) लेखांबरोबर छापली जाणारी चार वर्तुळांची आकृती तर जपानी नाहीच. ती एका स्पॅनिश लेखकाची, जीवनहेतूवरची. २०१४ मध्ये एका ब्लॉगलेखकाने मधला शब्द बदलून तिथे ‘इकिगाई’ घातले.

आपल्या पुरवणीत असे उतारे येतील तेव्हा लेखकाच्या नावाशेजारी तीन गोष्टी द्याव्यात: प्रवासाचे साल (प्रकाशनाचे नव्हे), राहण्याचे ठिकाण आणि आवृत्ती. बर्डसाठी १८८० ची दोन खंडांची आवृत्ती घ्यावी. १८८५ च्या संक्षिप्त आवृत्तीतून क्योतो आणि इसेचा प्रवास गाळलेला आहे.

— जपानच्या इतिहासाचा एक अभ्यासक