मुद्रित गोळ्या आणि त्यांतील पूरक द्रव्ये

मा. संपादक,

त्रिमितीय मुद्रणाने (थ्री-डी प्रिंटिंगने) तयार होणाऱ्या औषधी गोळ्यांविषयी जे लिहिले जाते, त्यात कौतुक बहुधा यंत्राचे असते. गोळीचा दर्जा मात्र मूळ औषधाबरोबर मिसळलेल्या पूरक, म्हणजेच निष्क्रिय, द्रव्यांवर यंत्राइतकाच, किंबहुना माझ्या मते अधिक, अवलंबून असतो.

वितळवलेल्या तंतूचे थर रचण्याच्या पद्धतीत हे ठळकपणे दिसते. तेथे औषध पॉलिव्हिनाइल अल्कोहोल किंवा हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजसारख्या पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थात, मिसळून बहुधा 1.75 मिलिमीटर जाडीचा तंतू काढतात. तो ठिसूळ असला तर यंत्राच्या दातेरी चाकांत तुटतो, फार मऊ असला तर पुढे सरकण्याऐवजी दुमडतो. म्हणून ट्रायइथाइल सायट्रेटसारखे लवचिकता आणणारे द्रव्य घालतात; त्यामुळे कमी तापमानात काम भागते आणि उष्णतेने बिघडणाऱ्या औषधालाही थोडे संरक्षण मिळते. पण हाच पॉलिमर पोटात गोळी चटकन फुटू देत नाही, ती हळूहळू झिजते. औषध दिवसभर पुरवायचे असेल तर हे सोयीचे. तातडीच्या वेदनाशामकात मात्र गोळीत मुद्दाम पोकळ्या ठेवाव्या लागतात किंवा पॉलिमरच बदलावा लागतो.

याउलट, 2015 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली अपस्मारावरील ‘स्प्रिटॅम’ ही गोळी पावडरीच्या थरांवर बंधक द्रव सोडून, दाब न देता बनवली जाते. ती सच्छिद्र असल्याने घोटभर पाण्यात काही सेकंदांत विखुरते. अशा गोळीत बंधक कमी पडला तर ती हाताळतानाच झडणार आणि जास्त झाला तर विखुरण्याचा वेग घटणार, हे उघड आहे. लेसरने पावडर सांधण्याच्या पद्धतीत तर प्रकाश शोषून घेण्यासाठी अनेकदा रंगद्रव्य मिसळावे लागते. तो रंग शोभेचा नसतो.

रुग्णागणिक मात्रा बदलता येणे हा या तंत्राचा मोठा गुण सांगितला जातो, आणि तो खराही आहे. परंतु त्यासाठी गोळीचा आकार बदलला की पृष्ठभाग आणि घनफळ यांचे प्रमाण बदलून औषध सुटण्याचा वेग बदलतो. औषधाचा अंश वाढवला तर पूरक द्रव्यांचा वाटा घटून मिश्रणाचा स्वभावच पालटतो. त्यामुळे एका मात्रेसाठी तपासलेले मिश्रण सर्व मात्रांना चालेल असे गृहीत न धरता, किमान सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मात्रेच्या गोळ्यांची विद्रावण (औषध विरघळून सुटणे) व ठिसूळपणाची चाचणी स्वतंत्रपणे बंधनकारक असावी.

आपला,
एक वाचक