मार्चमधल्या कॅन्यन ट्रेकची नीट माहिती छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या युटा-ॲरिझोनाच्या लाल कॅन्यनवरचा लेख वाचला. फोटो झकास होते, आणि मार्च-एप्रिल हा तिकडं जायला चांगला सीझन असं जे लिहिलंय तेही बरोबरच आहे, कारण उन्हाळ्यात त्या दऱ्यांच्या तळाशी पारा ४० च्या वर जातो आणि तेव्हा तिथं चालणं म्हणजे जिवाशी खेळ. पण मार्चमध्ये तिथं नेमकं काय असतं यावर लेखात एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

सांगली-मिरजेत आता कितीतरी घरं अशी आहेत की पोरगा नाहीतर लेक-जावई फिनिक्सला, डेन्व्हरला, बे एरियात आहेत, आईवडील थंडी सरली की तिकडं जातात, नातवंडांना स्प्रिंग ब्रेकची सुट्टी लागते आणि सगळे गाडी काढून कॅन्यन बघायला निघतात. वडील साठीतले पण तब्येतीनं खणखणीत, दंडोबा-सागरेश्वर पायाखालचे, पन्हाळा-विशाळगड चाललेले. त्यांना वाटतं आपल्याला काय अवघड. मी त्या भागात मार्चमध्ये हिंडलोय आणि असे आपल्याकडचे काका-काकू साध्या कॅनव्हासच्या बुटात, हातात पाण्याची एक बाटली घेऊन खाली निघालेले बघितलेत, म्हणून काळजी वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे तिथं ट्रेक उलटा असतो. आपण गड आधी चढतो, दम लागला तर निम्म्यातून माघारी फिरतो आणि परतीला उतार असतो. ग्रँड कॅन्यनला गाडी लावायची ती वर कड्यावर, साधारण ७००० फुटांवर, आणि तिथनं कोलोरॅडो नदी साडेचार हजार फूट खाली. म्हणजे कळसूबाईला बारीतून होते त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त चढाई, आणि ती सगळी परतीच्या वाटेला, पाय थकल्यावर. उतरताना इतकं सोपं वाटतं की माणूस जातच राहतो. तिथले रेंजर, म्हणजे पार्कचे रक्षक, सांगतात की उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा, आणि नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर यायचा प्रयत्न करू नका. हे ऐकायचंच.

मार्चमध्ये त्यात बर्फाची भर पडते. ग्रँड कॅन्यनमध्ये खाली उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेचा वरचा पट्टा कड्याच्या सावलीत असतो, दुपारी बर्फ थोडा वितळतो, रात्री पारा शून्याखाली जातो, तेच पाणी परत गोठतं आणि त्यावरनं माणसं आणि खेचरं चालून चालून ते नुसतं काचेसारखं गुळगुळीत होतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बुटावर चढवायचे मायक्रोस्पाइक मिळतात, रबराची पट्टी आणि तिच्या खाली साखळीला लोखंडी दात, ते वर कड्यावरच्या दुकानातही मिळतात, पैसे जातात तर जाऊदेत पण ते घेतल्याशिवाय आजीआजोबांना खाली नेऊ नका. थोडं खाली गेलं की बर्फ संपून चिखल लागतो, मग स्पाइक काढायचे, आणि तळाशी पोचलं तर दुपारी २० डिग्रीच्या वर, टी-शर्टवर बसता येतं. एकाच दिवसात हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही, त्यामुळं एक जाड जॅकेट घालून चालत नाही, पातळ कपडे एकावर एक घालायचे. खेचरांची रांग आली तर भिंतीच्या बाजूला सरकून गप उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. आपल्या गडांवर टाकी असतात, निदान पायथ्याच्या वाडीत कुणीतरी तांब्या पुढं करतं. तिथं खाली उतरणाऱ्या दुसऱ्या, साउथ कायबाब वाटेवर पाणी नाहीच, आणि ब्राइट एंजलच्या वरच्या टप्प्यातले नळ पाइप गोठून फुटू नयेत म्हणून थंडीत बंद ठेवतात, ते बहुतेक मे महिन्यापर्यंत बंदच असतात. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी कमी नेतात, पण हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतसुद्धा नाही. माणशी चार लिटर धरून चला.

आता जे सांगतोय ते सांगलीकरांना चटकन कळेल. आपल्याकडं डोक्यावर कडक ऊन असतं आणि कृष्णा वाढत असते, कारण पाऊस पडलेला असतो महाबळेश्वरला आणि पाणी सोडलेलं असतं कोयनेतनं. आयर्विन पुलाखाली ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका हे लहान पोरगंही सांगतं, २०१९ तर कुणी विसरलेलं नाही. कॅन्यनमध्ये हेच होतं, फरक एवढाच की आपल्याला आवराआवर करायला एखादा दिवस तरी मिळतो आणि तिथं काही मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, पाऊस पडला होता कित्येक मैल लांब. तो ऑगस्ट होता आणि अशा वळवाच्या पावसाचा मोसम जुलै ते सप्टेंबर हे खरंय, पण मार्चमध्ये वरच्या पठारावरचा बर्फ वितळायला लागतो आणि तेच तिथलं कोयनेचं पाणी. युटातल्या झायन नॅशनल पार्कात नॅरोज म्हणून घळ आहे, तिथं व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचं, दोन्ही बाजूला हजारेक फुटांच्या भिंती. विसर्ग १५० क्युसेकच्या वर गेला की पार्कवाले ती बंद करतात. आपण रोज पेपरात ३० हजार, ४० हजार क्युसेक वाचणारी माणसं, आपल्याला १५० म्हणजे ओढा वाटतो, पण काही ठिकाणी जेमतेम २०-३० फूट रुंद अशा घळीत सेकंदाला सव्वाचार हजार लिटर नुकतंच वितळलेलं बर्फाचं पाणी आलं की उभं राहता येत नाही, आणि पाय घसरला नाही तरी गारठ्यानं माणूस काकडून जातो. त्या नदीचा विसर्ग यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ खात्याच्या, वेबसाइटवर लाइव्ह दिसतो, आपण पाटबंधारे खात्याचे आकडे बघतो तसा तो सकाळी बघायचा, हवामानाचा अंदाज वरच्या भागाचाही बघायचा, आणि बंद असेल तर वाद न घालता दुसरी वाट धरायची.

वाट सोडू नका हेही छापा. युटात वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत माती दिसते, जळून गेल्यासारखी. ती जिवंत असते, त्यात सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्म जीवाणू, शेवाळ, दगडफूल असतं आणि वाळू धरून ठेवायचं काम तेच करतं. फोटोसाठी एक पाय पडला तर ती परत धरायला कित्येक वर्षं, काही ठिकाणी दशकं जातात. कासच्या पठारावर फुलात लोळून फोटो काढणाऱ्यांचा आपल्याला राग येतो ना, मग तिथंही तसंच वागलं पाहिजे.

कुठं जातोय ते कुणालातरी सांगून जा. दरीत मोबाइलला रेंज नसते. ॲरन राल्स्टन नावाचा पट्टीचा गिर्यारोहक एप्रिल २००३ मध्ये युटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये कुणाला न सांगता एकटा गेला, दगडाखाली हात अडकला आणि पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून सुटला. आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी युटातली घड्याळं एक तास पुढं जातात, ॲरिझोनातली जात नाहीत, पण ॲरिझोनातच नवाहो लोकांच्या हद्दीत जातात, त्यामुळं मोबाइलवरचा टाइम धरून बसू नका, टूर बुक करताना कुठला टाइम ते विचारून घ्या.

विनंती एवढीच की पुढच्या फेब्रुवारीत, लोक तिकिटं काढायच्या सुमाराला, यातलं जमेल तेवढं पुरवणीत चौकट करून छापा. मजकूर मी लिहून देतो, मानधन नको.

आपला,
एक नियमित वाचक, विश्रामबाग, सांगली