ॲक्रिलिकची सोंगं

कोल्हापूर

प्रिय अव्या,

पत्र मिळालं. रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या वासानं घरचे वैतागलेत, तेव्हा ऑइल रंग सोडून ॲक्रिलिककडे वळू का, असं विचारलंयस. बरं विचारलंस. परवाच शाहू स्मारकच्या कलादालनात आपल्याकडच्या पोरापोरींचं समूहप्रदर्शन बघून आलो, आणि झाडून सगळी चित्रं ॲक्रिलिकमधली. तेव्हा उत्तर लांबणार, लेका.

आपल्या गावात जलरंग म्हटलं की आबालाल रहमान, ऑइल म्हटलं की बाबूराव पेंटर. या दोघांच्या सावलीत ॲक्रिलिकला कोण विचारतो! घाईवाल्यांचा रंग म्हणून जुनी मंडळी अजून नाक मुरडतात. तसा वयानं लहानच आहे तो; पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक चित्रकारांच्या हाती आलं ते १९५०च्या दशकात.

दारातच रंकाळा तलावाचं चित्र होतं. पावसाळ्यातलं, तळ्यातला संध्यामठ निम्मा पाण्यात. मला वाटलं, जलरंगच. जवळ जाऊन बघतो तर कागद नाही, कॅनव्हास. आणि पाण्यासारख्या पातळ थरावर थर, पण खालचा एकही उठलेला नाही. जलरंगात दुसरा वॉश, म्हणजे पातळ थर, मारला की पहिला हलतो आणि मग आपण हळहळतो. इथं पाणी उडून गेलं की रंगातले प्लास्टिकचे बारीक कण एकमेकांना धरून बसतात, परत पाण्याला दाद देत नाहीत.

शेजारी नऊवारीतल्या म्हातारीचं पोर्ट्रेट. हुबेहूब ऑइल. हात तयार आहे, वादच नाही, पण ऑइलचंच सोंग घ्यायचं तर ऑइल काय वाईट होतं? मी फार थांबलो नाही.

थांबलो ते कुस्तीपुढं. दोन पैलवान, चेहरे दिसतच नाहीत. नुसत्या पाठी आणि एकमेकांत अडकलेले हात. ॲक्रिलिकच्या घट्ट पेस्टमध्ये तालमीतली तांबडी माती कालवून सुरीनं थापलीय. खांद्यावर बोटभर जाड थर, त्यात मातीचे खडे तसेच, आणि घामाच्या जागी वरून चकचकीत ग्लॉसचा एकच ओघळ. एवढ्या जाडीचं ऑइल आतून वाळायला वर्ष घेतं. हे काम ॲक्रिलिकच करू जाणे. नाद खुळा, भावा! आणखी एकीनं काचेवर रंग ओतून, वाळल्यावर त्याची सालं सोलून चिकटवली होती. कल्पना भारी, चित्र यथातथाच.

तर तू वळ खुशाल. फक्त ऑइलसारखं तासन्‌तास घोळवत बसायची सवय सोडावी लागेल. आपल्या एप्रिलच्या उन्हात पॅलेटवरचा रंग बघता बघता आखडतो. हाताशी पाण्याचा फवारा ठेव, नाहीतर रंगात वाळणं लांबवणारं रिटार्डर घाल. ब्रश पाण्याबाहेर विसरलास तर गेलाच म्हणून समज. ओला असताना बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट द्रव, दुधाळ असतो, त्यामुळं वाळल्यावर छटा थोडी गडद होते. त्वचेचा रंग मिसळताना हे ध्यानात ठेव.

आणि ते तुझं अर्धवट राहिलेलं पंचगंगा घाटाचं ऑइल ॲक्रिलिकनं पुरं करायचं म्हणतोयस, ते मात्र करू नकोस. तेलावर ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्रे निघतील. उलटं चालतं, खाली ॲक्रिलिक आणि वर तेल. घाट ऑइलनंच संपव, वहिनींना तेवढे दिवस खिडक्या उघड्या ठेवायला सांग.

तुझा,
बाळ्या