फॉरमॅट न मारता: वाचनालयाच्या संगणकाबद्दल एका माहेरवाशिणीस

बाय,

तुझं नाव कुठे घालायचं नाही, हे एसटीत चढता चढता तू दोनदा बजावलंस. म्हणून घालत नाही. वाडीत सगळ्यांना ठाऊक आहेच, बाकीच्यांनी वाचनालयात येऊन मला विचारावं.

आपला संगणक २०१५ सालचा. त्यावर डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक मोफत लिनक्स प्रणाली, तिची आठवी आवृत्ती 'जेसी', गुरुजींनी स्वतः बसवली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर पुस्तकात बघून पीएचपी, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, शिकलेला माणूस. साडेसहा हजार पुस्तकांची यादी, सभासद, देवघेव, वर्गणीची पावती, सगळं त्यांनी एकट्याने उभं केलं. ते गेले आणि त्या यंत्राला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. चालतंय ना, मग चालू दे. यंदा मात्र नवा प्रिंटर त्याला ओळखता येईना, आणि ब्राउझरात निम्मी संकेतस्थळं 'असुरक्षित' म्हणून दार लावून घ्यायची. संकेतस्थळांची ओळख पटवणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ला संपलं, त्याचाही हा प्रताप, हे तुझ्याकडून कळलं. तालुक्याच्या गावातला एकजण येऊन उभ्या उभ्या म्हणाला, "फॉरमॅट मारू, नवीन टाकू, दोन तासांचं काम." त्याचं चुकलं असं नाही. पण गुरुजींची यादी परत कशी बसवणार, हे विचारल्यावर तो घड्याळाकडे बघायला लागला.

तू मात्र आलीस ती पेनड्राइव्ह घेऊन. कशालाही हात लावण्याआधी सगळा डेटाबेस त्यावर उतरवलास, सेटिंगचं अख्खं फोल्डर घेतलंस, बसवलेल्या पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रामच्या गठ्ठ्यांची, यादी छापून मला सही करायला लावलीस. सही कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

मला वाटलं होतं, आठवरून थेट बारावर जाता येईल. तू म्हणालीस, "काका, पावसात पाखाडी उतरताना पायरी गाळता का?" डेबियनमध्ये एका वेळी एकच आवृत्ती चढायची: जेसीवरून स्ट्रेच, मग बस्टर, मग बुल्सआय, मग बुकवर्म. पहिल्याच पायरीला अडलो. जेसीची पॅकेजं जिथून यायची तिथे आता काही नाही, ती डेबियनच्या जुन्या संग्रहात हलवलेली. पत्ते बदलले, तर पॅकेजं खरी आहेत हे पडताळणाऱ्या सह्यांच्या चाव्यांची मुदत संपलेली. तेही निस्तरलंस. प्रत्येक उडीला साधारण एक जीबी उतरवायचं आणि रेंज फक्त सड्याकडच्या खिडकीत, म्हणून तुझा फोन तिथे गजाला सुतळीने बांधलेला. आरतीला बोलावणं आलं की तू म्हणायचीस, "अजून चाळीस टक्के."

स्ट्रेचला यादीचं पान पांढरंफटक झालं. माझ्या पोटात गोळा आला. तू शांत. गुरुजींनी वापरलेली माय-एसक्यूएलची, म्हणजे यादी साठवणाऱ्या डेटाबेसची, जुनी फंक्शन्स पीएचपी ७मधून काढूनच टाकलेली होती. तू ती एकेक करून बदललीस. नव्या पद्धतीत जोडणी आधी सांगावी लागते आणि प्रश्न नंतर, जुन्यात जोडणी नाही सांगितली तरी भागायचं. पान उघडलं, पण मराठी नावांच्या जागी सगळा रोमन कचरा, आणि प्रत्येक अक्षरापाशी डोक्यावर तिरकी रेघ असलेला एक 'ए'. मला वाटलं, यादी गेली. तू स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलंस की तो 'ए' प्रत्येक मराठी अक्षराच्या सुरुवातीला न चुकता येतोय, म्हणजे अक्षरं जागच्या जागी आहेत, फक्त वाचणारा चुकीचा चष्मा लावून बसलाय. जुन्या डेटाबेसने आपली मराठी 'लॅटिन' असं लेबल लावून ठेवली होती, आणि त्याच्या जागी आलेला नवा डेटाबेस, मारियाडीबी, त्या लेबलावर विश्वास ठेवत होता. पेनड्राइव्हवरची प्रत घेतलीस, लेबल बदललंस, परत भरलीस. संध्याकाळी पहिलं नाव नीट दिसलं तेव्हा मी खरंच हात जोडले.

बस्टरच्या दिवशी रात्री वीज गेली. सकाळी संगणक म्हणतो, पॅकेजांची यादी 'अजून लागू झालेली नाही'! आतला गोल सेल मेलेला, त्यामुळे घड्याळ काही वर्षं मागे. बाजारात घड्याळवाल्याकडे तो सीआर२०३२ मिळाला. इतक्या भानगडींत स्वस्तात सुटलेली ही एकच.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते पुढेच आहे. बुल्सआयला चढताना मध्येच प्रश्न आला: वेब सर्व्हरची एक सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की नवी घेऊ? मी म्हटलं, नवी घे, नवी ती चांगलीच असणार. तू 'डी' दाबलंस, दोन्हींतला फरक बघायला. त्यात एक ओळ होती, गुरुजींच्या हातची: "हे काढू नये. पावती यावर चालते." तू काही बोलली नाहीस. मला वाचू दिलंस, मग 'एन' दाबलंस. फाइल राहिली. दोन तासांच्या कामात ती ओळ कुणी वाचली असती?

शेवटच्या पायरीला वायफायच्या काडीचं फर्मवेअर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्राम, वेगळ्या विभागात गेलेलं निघालं, ते पाच मिनिटांत झालं. तेरावी आवृत्ती २०२५च्या ऑगस्टातच आली होती, पण ती आपल्यासारख्या ३२-बिट यंत्रावर बसवता येत नाही, म्हणून बारावर थांबलो. आवृत्तीचं नाव बुकवर्म, म्हणजे पुस्तकातली कसर. वाचनालयात कसर लागू नये म्हणून मी जन्मभर डांबरगोळ्या टाकल्या, आणि तू ती मुद्दाम बसवून गेलीस.

नवा प्रिंटर चालतो. पावती गुरुजींनी आखली होती तशीच निघते, डावीकडे थोडी सरकलेली. ती दुरुस्त करू का म्हणून तू विचारलंस, मी नको म्हटलं.

तू लिहून दिलेली वही टेबलाच्या खणात आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी अपडेट करायचं असं त्यात लिहिलंयस, आणि दोन सोमवार मी ते केलंय. दुसऱ्या वेळी त्याने काहीतरी विचारलं. मी 'डी' दाबलं.

तुझा पेनड्राइव्ह इथेच राहिला. कपाटात दाखल नोंदवहीच्या शेजारी ठेवलाय. टपालाने पाठवणार नाही. शिमग्याला ये, आणि घेऊन जा.

तुझा,
वाचनालयाचा कार्यवाह काका